अकराच्या तारा

गोदाआत्याच्या गळ्यातली गाठ काढली त्या हिवाळ्यात मी माझ्या गिटारच्या तारा बदलल्या. बारीक काढल्या, जाड घातल्या. सांगायला गेलं तर एवढंच. पण आता शहापूरला माझ्याकडे जी मुलं शिकायला येतात ती विचारतात, बाई, तुम्ही इतक्या खालच्या सुरात का वाजवता आणि तुमच्या तारा इतक्या जाड का? तेव्हा त्यांना तो सगळा हिवाळा सांगावा लागतो. मुलांना पुढचा क्लास असतो, बाहेर कुणीतरी स्कूटर घेऊन उभं असतं, आणि माझं सांगणं गिरणीपर्यंत पोचायच्या आत ती उठतात. म्हणून इथं बैजवार लिहिते.

गिरणी म्हणजे बाबांची भातगिरणी. आमचं घर आटगावला, त्या गिरणीला लागूनच. मध्ये एकच भिंत आणि तीही अर्धी कुडाची. सकाळी बाबांनी मोटर चालू केली की पट्टा धपधप करत फिरायला लागायचा आणि स्वयंपाकघरातल्या फळीवरचे पेले एकमेकांना लागून बारीक किणकिणायचे. त्या आवाजावर आवाज काढून बोलायची आम्हा सगळ्यांना सवय लागली, ती आजतागायत गेलेली नाही. माझा मुलगा फोनवर म्हणतो, आई, मी नाशिकला आहे, तू फोन न करता नुसती ओरडलीस तरी ऐकू येईल. कोंडा तर घरभर. चुलीमागे कोंडा, उशीत कोंडा, आईच्या पापण्यांवर कोंडा. भात भरडायला येणाऱ्या बायका डोक्यावरची पाटी उतरवून ओटीवर बसायच्या, आई त्यांना चहा द्यायची, आणि आपली पाळी येईपर्यंत त्या तिला अख्ख्या तालुक्याच्या बातम्या सांगून मोकळ्या व्हायच्या. सकाळी आमच्याकडे कण्यांची पेज असायची, सोबत भाजलेली सुकट. दुपारी तांदळाची भाकरी आणि वालाचं कालवण. अख्खा तांदूळ गिऱ्हाइकाचा आणि तुकडा आपला, असा आईचा कायदा होता. अजूनही मला अख्ख्या दाण्याचा भात परक्या घरी जेवल्यासारखा वाटतो.

गोदाआत्या बाबांची धाकटी बहीण. तिला उंबरमाळीकडे दिली होती, ती वर्षाच्या आत परत आली. का आली ते तिनं सांगितलं नाही आणि बाबांनी विचारलं नाही. ओटीलगतच्या खोलीत ती राहिली आणि तांदूळ पाखडायचं काम तिनं आपल्याकडे घेतलं. मला वाढवलं ते खरं तर तिनंच, कारण आईचा सगळा दिवस गिऱ्हाइकांत जायचा. पण आजूबाजूच्या गावांत लोक तिला ओळखायचे ते गळ्यासाठी. लग्नघरात हळद लागताना, देवांना आवतण देताना जी जुनी गाणी बायका म्हणतात ते धवले, आणि ते गाणारी बाई ती धवलारीण. आत्या धवलारीण होती. तिचा आवाज उंच आणि टोकदार. मांडवात स्पीकर नसला तरी तो रस्त्यापर्यंत जायचा, आणि एसटीची वाट बघणारी माणसं माना वळवून बघायची.

माझा थोरला भाऊ विलास, आमचा दादा, यानं तिच्याच जोरावर पार्टी काढली. तो स्वतः कीबोर्डवर, गावातले दोघं ढोलकी आणि ऑक्टोपॅडवर, गायला आत्या, आणि गिटारवर मी. हळदी, साखरपुडे, बारशी. आधी आत्याचे धवले व्हायचे आणि मग नाचायची गाणी. गिटार मुळात दादाची. कल्याणच्या एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राकडून त्यानं ती आणली होती, लाल रंगाची, एका कोपऱ्यावर रंग उडालेली. त्याची बोटं काही तिच्यावर बसेनात. मग त्यानं कीबोर्ड घेतला आणि गिटार गिरणीतल्या खुंटीला लागली. ती मी उतरवली. मला कुणी शिकवलं नाही. गिरणीच्या मोटरचा एक न हलणारा सूर असायचा, घूं करून, त्याच्याशी मी तारा जुळवायचे आणि आत्याचं गाणं शोधत बसायचे. खालच्या जाड तारा मोकळ्या छेडून घुमत ठेवायच्या आणि वरच्या बारीक तारांवर धवला वाजवायचा, तार बोटानं ओढून ओढून, आत्याच्या गळ्यातल्या हेलकाव्यासकट. असं वाजवणारं त्या भागात दुसरं कुणी नव्हतं. मी चांगली वाजवायचे. या वयात लाजायचं तरी कुणासाठी? मुलगी गिटार वाजवते म्हणून लोक बघायला यायचे आणि ऐकायला थांबायचे.

दिवाळीच्या आधी आत्याच्या गळ्यावर गाठ दिसायला लागली. तिच्या बोलण्यात ळ नव्हताच, ती म्हणायची, गल्यात सुपारी अडकल्यासारखी वाटते. ठाण्याला ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली, आणि थोड्याच दिवसांत ती घरी येऊन पेज पिऊ लागली. डॉक्टरांनी आधीच समजावून सांगितलं होतं की आवाजात फरक पडेल. तेव्हा जीव वाचण्याचा विचार होता, आवाजाचा कुणी केला नाही, आणि ते बरोबरच होतं. मग अंगणात तुळशीचं लग्न लागलं. शेजारच्या बायका जमल्या होत्या. आत्यानं धवला उचलला, आणि नेहमीच्या जागी तिचा आवाज गेलाच नाही. नुसती हवा आली. तिनं पुन्हा उचलला, पुन्हा तेच. तिनं पदरानं ओठ पुसले आणि अगदी साधेपणानं म्हणाली, ‘तुमी म्हना गो आता. माजा नाय लागत.’ बायकांनी कसाबसा तो पुरा केला. आत्या सगळ्यांना प्रसाद वाटत होती आणि मी तुळशीमागे उभी राहून रडत होते.

दादावर तेव्हा मी फार चिडले होते, पण तो वाईट नव्हता. लग्नांचे दिवस तोंडावर आले होते, त्यानं लोकांना शब्द दिले होते, ढोलकी-ऑक्टोपॅडवाली दोन पोरं त्याच्या भरवशावर होती. त्यानं कल्याणची एक मुलगी बघितली, शिल्पा नावाची. कॉलेजात होती, ऑर्केस्ट्रात गायची, आवाज गोड आणि उंच. जेवताना त्यानं आत्याला विचारलं, आणि आत्यानं भाकरीवरून नजर न उचलता सांगितलं की आण तिला, पोरीला धवले मी शिकवते. आणि खरोखरच शिकवायला बसली. शिल्पा रविवारी यायची, चप्पल नीट काढून ओटीवर बसायची, आत्या तिला शब्द सांगायची. चाल मात्र स्वतः म्हणायची नाही. चालीची वेळ आली की माझ्याकडे हात करायची: हिला वाजव म्हन. मी वाजवायचे, शिल्पा उचलायची, आत्या मान डोलवायची. शिल्पाचा राग करावा असं तिच्यात काहीच नव्हतं, त्यामुळं मला जास्तच त्रास व्हायचा.

त्या दिवसांत दुपारी जेवणं झाली की वीज जायची. पट्टा थांबायचा, पेले गप्प व्हायचे आणि घराला आणखी एक खोली मिळाल्यासारखं वाटायचं. अशाच एका दुपारी मी गिरणीत पोत्यांवर आडवी झाले होते. पलीकडे आत्या सूप घेऊन बसली होती. सुपाचा आवाज येत होता, तांदूळ वर उडून खाली पडल्याचा, आणि त्याच्या खालून दुसरा काहीतरी. आत्या गात होती. तिला वाटलं मी झोपले. धवलाच गात होती, तुळशीपुढे तुटला तोच, आणि तो कुठंही तुटत नव्हता. आवाज ओळखू येत नव्हता, इतका दाट, जरासा घोगरा, पण सगळे हेलकावे जागच्या जागी. मी आवाज न करता उठून बसले, गिटार मांडीवर ओढली आणि ती कुठून गाते ते बोटानं शोधायला लागले.

पूर्वी ती जिथून उचलायची तो सूर माझ्या मोकळ्या तारेचा होता. आता ती दोन पडदे खाली गात होती. पडदे म्हणजे गिटारच्या मानेवरच्या आडव्या पट्ट्या, आणि दोन पडदे म्हणजे दोन बोटांचं अंतर. पण ज्या टोकाला तिचा आवाज तुटत होता ते टोक तेवढ्यानं खाली आलं होतं आणि ती तिथं आरामात पोचत होती. गोष्ट इतकी सोपी होती की मला आधी हसू आलं. दादाच्या कीबोर्डला तर एक बटण होतं, ते दाबलं की सगळं वाद्य हवं तेवढं खाली. अडचण माझी होती. वर सरकून वाजवता येतं, पण मोकळ्या तारेच्या खाली पडदाच नसतो. मग तारच उतरवायची. आत्या उठून गेल्यावर मी खुंट्या पिळून सगळ्या तारा दोन पडदे उतरवल्या आणि छेडल्या. ओल्या सुतळीसारख्या लोंबल्या त्या. पडद्यांवर आपटून खरखर करायला लागल्या, आणि वरची तार ओढावी तर सूर कुठच्या कुठं जायचा. माझ्या तारा नऊच्या होत्या. तारेची जाडी नंबरवरून ओळखतात. नऊ म्हणजे बारीक, केसासारखी. बारीक तार चढवून लावली तर गाते, उतरवली की मरते. खाली गायची तर जाड पाहिजे.

मी एकटीच मुंबईला गेले, गिरगावातल्या एका वाद्यांच्या दुकानात. काउंटरवर बाबांच्या वयाचा एक माणूस होता. अकराचा सेट मागितल्यावर त्यानं आधी विचारलं भावासाठी का, आणि माझ्यासाठी म्हटल्यावर म्हणाला, ‘ताई, अकराच्या नाही झेपायच्या. बोटं सोलून निघतील. दहाच्या न्या.’ मी दोन्ही हात काउंटरवर उताणे ठेवले. लहानपणापासून भाताची पोती ओढून माझे तळवे कसे होते ते मला माहीत होतं. ‘आमची गिरणी आहे,’ मी म्हटलं. तो हसला आणि त्यानं अकराचा सेट काढला. माणूस चांगला होता. सेट बांधता बांधता त्यानं सांगितलं की जाड तारांचा ओढा जास्त असतो, मागची घोडी उचलली जाईल, घाबरू नका, पाठीवरचं झाकण उघडा आणि आतल्या स्प्रिंगा आवळा.

घाबरू नका म्हणून सांगितलं होतं तरी मी घाबरले. तारा घातल्या आणि सवयीनं पहिल्याच सुराला चढवत गेले. शेवटच्या तारेला कर्र असा आवाज आला आणि तारा जिच्यात अडकवतात ती मागची घोडी सगळी पुढं कलंडली. तारा पडद्यांपासून इतक्या वर आल्या की खाली बोट घालावं. मला वाटलं, मोडली. धावत जाऊन बाबांना बोलावलं. ते हात पुसत आले. मी तारा दोन पडदे उतरवल्या तशी घोडी बरीच बसली, पण पुरती नाही. पाठीवरचं झाकण उघडून स्प्रिंगा आवळल्या तरी ती जराशी वर राहायचीच, आणि एक तार लावावी तर दुसरी हलायची. बाबा उकिडवे बसून ते बघत होते. त्यांना गाण्यातलं काही कळायचं नाही. पट्टा सैल झाला की नाही एवढंच त्यांना आवाजावरून कळायचं.

‘हे मागंपुढं हलायला ठेवलंय,’ ते म्हणाले, ‘ते तुला लागतं का?’

‘नाय लागत. मी तार बोटानं ओढतंय.’

‘मग अडकव.’

त्यांनी सागाचा एक तुकडा घेतला, तासून पाचर केली, घोडीच्या मागच्या फटीत अलगद ठोकली, आणि घोडी जी बसली ती आजपर्यंत बसली आहे. राहिली वरच्या टोकाची हाडाची पट्टी. तिच्यातल्या खाचा बारीक तारांच्या, जाड तार त्यात अडकायची आणि पिळली की टण्ण करून उडायची. तिथं मी जुन्या सेटमधली, वर बारीक तार गुंडाळलेली जाड तार घेतली आणि करवतीसारखी खाचेत मागंपुढं फिरवली. थोडी फिरवायची, फुंकर मारायची, तार बसवून बघायची. पोरं आज मोबाईलवर मागवतात, तारा दारात येतात आणि शाळेत जायच्या आधी घालून होतात. मी त्यांना सांगते, एकदा तरी अख्खा दिवस घालवा रे तिच्यावर, नाहीतर ती तुमची होत नाही. ते हो म्हणतात आणि ऐकत नाहीत.

वीज आल्यावर मी गिटार साउंडबॉक्सला जोडली आणि सगळ्यांत जाड तार नुसती एकदा छेडली. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. तो आवाज पूर्वीसारखा झणझणीत नव्हता. गोल होता, भरलेला, पायाखालून आल्यासारखा. खालच्या सुरात लावल्यामुळं जाड असूनही तारा बोटाला फारशा कडक लागत नव्हत्या. ओढली की तार येत होती आणि सोडली की शहाण्यासारखी जागेवर जात होती. तेव्हाच मला कळलं की आता आत्याच्या सुरात वाजवता येणार.

दुसऱ्या दिवशी दुपारी पट्टा थांबला, आत्या सूप घेऊन बसली, आणि मी तिच्यासमोर बसून तिच्या नव्या सुरात धवला वाजवायला लागले. सूप थांबलं. मी पहिलं कडवं वाजवून पुरं केलं.

‘काय केलंस गो तिला?’ आत्यानं विचारलं.

‘तारा बदलल्या. तुजा सूर जिथं हाय तिथं तिला आणली.’

आत्या तांदळातले नसलेले खडे वेचत राहिली. मग म्हणाली की तिचा आवाज आता बाप्या माणसासारखा झालाय, मांडवात लोक हसतील, आणि शिल्पा बरी गाते. मी म्हटलं शिल्पा बरी गाते हे खरं आहे, पण शिल्पाला शब्द माहीत आहेत आणि तुला ते गाणं माहीत आहे. मी पुन्हा खालची तार छेडली आणि घुमत ठेवली. पुढं वाजवलंच नाही. वाट बघितली. आत्यानं सूप बाजूला ठेवलं, एकदा घसा खाकरला, आणि गायला लागली. मधे एका जागी ती थांबली, जिथं आवाज तुटायचा तिथं, सवयीनं. मी तार घुमत ठेवली. ती पुढं गेली. संपल्यावर तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, सूप उचललं आणि कामाला लागली. पण दुसऱ्या दिवशी वीज जायच्या आधीच ती येऊन बसली होती.

असे बरेच दिवस गेले. मग एका दुपारी मान वळवली तर दारात दादा उभा. किती वेळ उभा होता कोण जाणे. धवला संपल्यावर आत येऊन तो पोत्यावर बसला आणि म्हणाला, छान झालं, अगदी छान, पण हे हळदीला चालणार नाही. लोकांना उंच लागतं, पोरांना नाचायचं असतं, टोकावड्याची हळद मोठ्या घरची आहे आणि तिथं पार्टी पडली तर पुढं कुणी बोलावणार नाही. तो हे आत्यासमोरच म्हणाला आणि आत्यानं मान हलवली, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय. मी मोठ्या भावाला उलट बोलणारी नव्हते. त्या दिवशी बोलले.

‘शिल्पाचं एकपन गानं मी सोडनार नाय,’ मी म्हटलं. ‘दोन पडदे वर सरकून सगली वाजवीन. पन तारा काढनार नाय. आनि हलद लावतानाचा धवला आत्याच गानार.’

रागात माझ्या तोंडून गावची बोली अशी बाहेर यायची, की आत्याही मधेच हसली. दादानं सगळीकडे बघितलं, पट्ट्याकडे, छपराकडे. मग म्हणाला, हळद लागताना तशीपण पोरं नाचत नाहीत. पहिला धवला आत्याचा, पण एकच. आत्याला कुणी विचारलंच नव्हतं, म्हणून मी विचारलं. ती म्हणाली, ‘हिरवं लुगडं काढून ठेवाया पायजे.’

टोकावड्याला आम्ही टेम्पोनं गेलो, शहापुरावरून मुरबाड आणि तिथून माळशेजच्या रस्त्याला. हळद दुपारचीच होती. अंगणात उंबराच्या डहाळ्यांचा मांडव, एका बाजूला मोठ्या कढईत तांदळाचे वडे तळत होते, आणि घाटाकडे जाणाऱ्या गाड्या गर्दी बघून हळू व्हायच्या. आम्ही मांडामांड केली. शिल्पा आत्याच्या शेजारी बसून तिच्या लुगड्याच्या निऱ्या नीट करत होती. मला ते आठवतं, कारण एकच निरी तिनं दोनदा मोडून पुन्हा घातली. दादानं कीबोर्डचं बटण दाबलं आणि माझ्याकडे बघून भुवया उचलल्या. नवऱ्या मुलाला पाटावर आणून बसवलं. त्याची चुलती हळदीची वाटी घेऊन पुढं आली, आणि मी खालची तार छेडली.

आत्यानं उचललं तेव्हा मांडवातली बोलणी थांबली, पण चांगल्या कारणानं नाही. तिचा पूर्वीचा आवाज ऐकलेली माणसं तिथं होती. मागून कुणीतरी म्हणालं, ‘जरा वर घ्या की.’ कुणीतरी हसलं. आत्यानं ते ऐकलं, मी तिच्या खांद्यावरून ओळखलं, पण ती हलली नाही. खालची तार घुमत होती आणि ती त्या तारेवर पाय रोवून उभी असल्यासारखी गात होती. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. आणि मग नवऱ्याची चुलती, हळद लावता लावता, गायला लागली. तिच्यामागची बाई गायला लागली. मग भिंतीशी बसलेल्या म्हाताऱ्या, मग वडे तळणाऱ्या, झारा हातात धरून. धवला हे खरं सगळ्यांनी मिळून गायचं गाणं. पण आत्या जेव्हा उंच गायची तेव्हा तिथवर कुणाचा गळा जायचा नाही; बायका एखादी ओळ म्हणून गप्प व्हायच्या आणि ऐकत बसायच्या. आता तो त्यांच्या हाताला लागेल इतका खाली आला होता. प्रत्येकीला तो आपापल्या आईकडून येत होता आणि प्रत्येकीला तिथं पोचता येत होतं. अख्खा मांडव गायला लागला. शिल्पाही गात होती, माईकशिवाय, त्या बायकांतली एक होऊन. दादानं कीबोर्डवरचे हात काढून घेतले. त्याची गरज नव्हती आणि ते त्याला कळलं, याबद्दल मी त्याला कायम मानत आले आहे. माझ्या गिटारचीही फार गरज उरली नव्हती. ती एक तार मात्र मी सोडली नाही.

एकच धवला ठरला होता. तो संपल्यावर चुलतीनं आत्याचा हात धरला आणि दुसरा सुरू करायला लावला. मग तिसरा. हळद लावून झाली तरी बायका उठेनात. नाचायला आलेली पोरं कडेला उभी राहून वाट बघत होती, आणि त्यांतलेही काहीजण ओठ हलवत होते, हे मी स्वतः पाहिलं. नंतर शिल्पा गायली आणि झकास गायली, पोरं नाचली, धूळ उडाली. कबूल केल्याप्रमाणे तिची सगळी गाणी मी दोन पडदे वर सरकून वाजवली, पहिलं बोट सगळ्या जाड तारांवर आडवं दाबून. तिसऱ्याच गाण्याला बोटाला चीर पडली. दुकानदार अगदीच खोटं बोलला नव्हता. पण मी एकही गाणं सोडलं नाही.

उन्हं कलताना निघालो. घरच्यांनी वड्यांची मोठी पुडी बांधून दिली होती. दादा पुढं ड्रायव्हरशेजारी बसला. बसायच्या आधी त्यानं मागं डोकं घालून सांगितलं की मुरबाडच्या एका घरानं पुढच्या हळदीला बोलावलंय आणि त्यांना त्या घोगऱ्या आवाजाची बाई हवी आहे. मग शिल्पाला म्हणाला की तूपण पायजेस, दोघी पायजेत. शिल्पा पुढं दोन मोसम आमच्यात होती. तिचं लग्न झालं तेव्हा तिच्या हळदीला आत्याच गायली. आत्या त्यानंतर पुष्कळ वर्षं गायली, आणि नंतरच्या लोकांना तर ठाऊकही नव्हतं की तिचा आवाज कधी दुसरा होता.

पण त्या संध्याकाळी टेम्पोत आम्ही तिघी मागं सामानात बसलो होतो. शिल्पा साउंडबॉक्सला टेकून झोपली होती. मी बोटाला चिंधी गुंडाळत होते. आत्या बाहेर बघत होती. मग तिनं माझ्या गुडघ्याला हात लावला.

‘रंजू, तुजी गिटार अजून खाली येते का?’

‘किती खाली?’

तिनं गुणगुणून दाखवलं. खूपच खाली होतं ते, जवळजवळ बोलण्यासारखं. ही चाल मी कधीच ऐकली नव्हती, आणि तिचे सगळे धवले मला पाठ होते.

‘माजी आये हा धवला गायची,’ आत्या म्हणाली. ‘तिचा गला तिथं होता. माजा उंच, मना तो कदी म्हनताच आला नाय. ती गेली नि तो तिच्याबरोबर गेला असं मना वाटलेला.’

मी गिटार पिशवीतून काढली, चिंधीच्या बोटानं खालची तार सैल करत गेले, आणि ती पुन्हा लोंबेपर्यंत उतरवली तेव्हा कुठं आत्याच्या सुराला लागली.

‘बाराच्या तारा लागतील,’ मी म्हटलं.

‘मग आन,’ आत्या म्हणाली, आणि टेम्पोच्या फळीला पाठ टेकून, शब्द आठवत आठवत, तिनं तो पहिल्यापासून धरला.